दिवसाउजेडी वाचलेल्या कादंबऱ्या

त्या वर्षी आमच्या घरी कोणकोणत्या कादंबऱ्या वाचल्या गेल्या असे मला कोणी विचारले, तर मी त्याच्यापुढे एक गोधडी पसरीन. तिच्या एका कोपऱ्यात जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचा तुकडा आहे. ती वकिलाच्या खुनाची. त्याला लागून जांभळ्या फुलांचे पातळ. श्रीमंत घरची मुलगी गायनमास्तरासाठी घर सोडते, ती. पांढरे धोतर दिसले की समजावे, त्या पुस्तकात भूत होते. टाक्यांनाही अर्थ होता. शेवट मायला पटला असेल तर टाके बारीक आणि दाट. पटला नसेल तर लांब लांब धावदोरा, एका ओढीत उसवेल असा. गोधडी मायने शिवली, त्यातली प्रत्येक कादंबरी मी तिला वाचून दाखवली, आणि ती पुस्तके तिचा धाकटा भाऊ, आमचा गुलाबमामा, आणून देत असे. पुढे मी मराठीचा शिक्षक झालो, आयुष्यभर शब्दांशीच व्यवहार केला, पण या एका विषयाजवळ आलो की माझा हात थांबत असे. आता तो थांबत नाही. का थांबत नाही, ते शेवटी येईलच.

केनवडला आमचे घर रस्त्यापासून आत, पण एसटीचा हॉर्न स्पष्ट ऐकू येईल इतक्या अंतरावर होते. दुपारी पिठाच्या चक्कीची टुकटुक चालू असे, आणि ती थांबली की गावात कोणीतरी एकदम गप्प झाल्यासारखे वाटे. जेवणे आटोपली, चुलीतला विस्तव राखेखाली गेला, की माय ओसरीवर चिंध्यांचे गाठोडे सोडून बसे. मोठी माय, म्हणजे माझी चुलती, शेजारी सूप घेऊन डाळ पाखडत बसे. नंदा, माझी धाकटी बहीण, सुईत दोरा ओवून देण्यासाठी. मी खांबाला टेकून वाचायचो. हिवाळ्यात मधे उकडलेल्या तुरीच्या शेंगांचे टोपले असे, आणि पुस्तकाच्या पानांवर माझ्या बोटांचे खारट डाग पडत. मायला अक्षरओळख होती. पण जोडाक्षर आले की ती तिथे अडायची आणि चिडायची. तिला वाचायचे नव्हतेच, ऐकायचे होते. बाबा पलीकडे दोर वळत बसत आणि आपण ऐकत नाही असे दाखवत. मात्र दोन दिवसांनी बैल पाण्यावर नेताना मला हळूच विचारत, "काय रे, त्या वकिलाच्या बायकोले समजलं का मंग?"

गुलाबमामा ट्रकवर क्लीनर होता. घर आसेगावला, थोडी शेती, पण त्याचा जीव रस्त्यावर. वाशीमच्या बसस्टँडजवळ एक जण जुनी पुस्तके अदलाबदलीने द्यायचा. मामा तिथून पिशवीभर कादंबऱ्या उचलायचा आणि वाचून झालेल्या परत न्यायचा. मामाचे स्वतःचे वाचन बेताचे. तो मुखपृष्ठ पाहून निवडायचा, आणि बहुतेक पुस्तकांना मुखपृष्ठच नसे. त्यामुळे एकच कादंबरी दोनदोनदा येई. गोधडी सुरू झाली ती त्यामुळेच. मामा ओसरीवर पिशवी उलटी करी, मी प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान मोठ्याने वाची, आणि माय गोधडीवर बोट ठेवून निकाल देई.

"हे झालं. हे पाह्य, कुंकवाच्या रंगाचं. मेणबत्तीवाली बाई."

"अवं बाई, मेणबत्ती त साऱ्याच पुस्तकात रायते," मामा म्हणे. तो तिला बाई म्हणायचा.

"तिच्या हातात रायते आन् तिच मरते. झालं हे. परत ने."

"शेवटी कोण मारलं व तिले?"

"तुले कायले सांगू? ऐकाचं असंल त बस घडीभर. तुले त चाकावर बसल्यासारखं होते."

मग मामा बसायचा. मायच्या मांडीवरची गोधडी ओढून आपल्या अंगावर घ्यायचा आणि म्हणायचा, की ही पुरी झाली की ट्रकच्या केबिनमध्ये माझी. त्यावर काहीच बोलणे होत नसे. ती त्याच्यासाठीच होती हे सर्वांना ठाऊक होते. गेल्या भाऊबीजेला पहिला तुकडा लागला होता, येत्या भाऊबीजेला ती त्याच्या ओवाळणीच्या ताटाशेजारी ठेवायची, असे मायच्या मनात होते.

यात एक अडचण मोठ्या मायने काढली. आमच्याकडे, आणि मला वाटते पुष्कळच ठिकाणी, दिवसा गोष्ट सांगू नये असे मानत. दिवसा गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्या पोरांचा मामा वाट चुकतो. वऱ्हाडात गोष्टीला गोठ म्हणतात. आणि दुसरीकडे, दिवेलागणीनंतर सुई हातात घ्यायची नाही, हाही नियम तितकाच पक्का. म्हणजे शिवायचे तर दिवसा आणि ऐकायचे तर रात्री. दोन्ही एकत्र होणार कसे? एका दुपारी मोठी माय सूप थांबवून म्हणाली, "दिवसाढवया गोठी सांगून राह्यला हा पोरगा. याचा मामा रस्त्यावरचा माणूस. वाट भुलन ना तो."

मायची सुई थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा मॅट्रिक होऊन रिसोडला कॉलेजात जायला लागलो होतो, आणि आमच्या सरांनी त्याच आठवड्यात कथा आणि कादंबरी यांतला फरक शिकवला होता. मी खांबाला टेकलो होतो तो सरळ बसलो.

"मोठी माय, हे गोठ नाही. कादंबरी हाये. गोठ वेगळी, कादंबरी वेगळी. तो वेगळा वाङ्मयप्रकार हाये."

"वांग्याचा काय प्रकार?"

"वांग्याचा नाही व, वाङ्मय!" नंदा हसून हसून लोळली. माय तोंडाला पदर लावून हसली. मोठी मायसुद्धा हसली आणि म्हणाली, "बापा, शिकलेला माणूस म्हणते त असंल. मले त सारे वांगेच." सूप पुन्हा हलू लागले. मायने टाका घातला. तिच्या चेहऱ्यावरची सुटका मला अजून दिसते. तिला परवानगी हवी होती आणि ती मी दिली होती. सतरा वर्षांच्या मुलाला घरात पहिल्यांदा कोणी विचारावे आणि त्याने पहिल्यांदा निर्णय द्यावा, याचा आनंद केवढा असतो, हे मी नाकारत नाही.

मामाला हे कळल्यावर त्याने त्याचा खेळच केला. पुढच्या खेपेपासून तो दारात उभा राहून, चपला काढण्याआधी, मोठ्या मायला ऐकू जाईल असे ओरडू लागला, "आलो बापा! भुललो नाही!" आणि मला म्हणे, "भाचेबुवा, मी भुललो त तुमची जिम्मेदारी बरं का. कादंबरी म्हनून सांगतलं तुमी." माय आतून पाण्याचा तांब्या आणता आणता म्हणे, "बहिणीचं घर कोणी भुलते काय?" वर्षभर हे तिघांचे बोलणे प्रत्येक वेळी जसेच्या तसे होत असे. भजनातल्या ध्रुवपदासारखे ते ठरून गेले होते. माझ्या कानात आज त्या वर्षातले सर्वांत स्पष्ट काही असेल तर ते हेच आहे, आणि संध्याकाळी वारा सुटून दाराची कडी वाजली की मी अजून त्या वाक्याची वाट पाहतो. शब्द येत नाहीत. नुसती कडी वाजते.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळपासून मायने कणकेचे रोडगे भाजायचा घाट घातला होता, कारण मामाला गोड आवडत नसे. गोवऱ्यांच्या धुराने अंगण भरले होते. गोधडीत एकच तुकडा राहिला होता आणि एकच कादंबरी अर्धी होती, दवाखान्यातल्या खुनाची. मामा दुपारच्या गाडीने येणार. तोपर्यंत वाचून संपवावी, शेवटचा तुकडा लावावा, आणि त्याच्या अंगावर पुरी गोधडी टाकावी, असा बेत होता. मी भराभर वाचत होतो. डॉक्टरची खोली बाहेरून बंद, किल्ली आत, आणि औषधाच्या कपाटामागे कोणाच्या तरी चपला. एवढ्यात हॉर्न वाजला. "आली गाडी," माय म्हणाली. तिने हातातली सुई, दोऱ्यासकट, माझ्या पुढ्यातल्या पानात खूण म्हणून खोचली, पुस्तक मिटले आणि ताटातले निरांजन नीट करायला आत गेली.

त्या गाडीने तो आला नाही. पुढच्याही गाडीने नाही. माय प्रत्येक हॉर्नला वात पुढे सारी. संध्याकाळी बाबा म्हणाले, "ट्रक लागला असंल कुठं. उद्या येईन." रोडगे आम्ही जेवलो. मायने आपण जेवलो असे सांगितले.

दोन दिवसांनी आसेगावहून माणूस आला, गुलाब इकडेच आहे ना, म्हणून विचारायला. तो भाऊबीजेच्या सकाळीच घरून निघाला होता. मग बाबा निघाले. वाटेतल्या गावांत, दवाखान्यांत, पोलीस ठाण्यात, ट्रकमालकाकडे. ते परतले तेव्हा दुपार होती आणि आम्ही सगळे ओसरीवरच होतो, त्याच जागांवर. फक्त कोणाच्या हातात काही नव्हते. बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"किन्हीराजाले एका चहावाल्यानं पाह्यलं म्हणते. हातात पिशवी होती. पुस्तकाची. चहा पेला." त्यांनी टोपी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "केनवडचा रस्ता पुसला म्हणते त्यानं."

"कोणी पुसला?" माय म्हणाली.

"गुलाबनं."

ज्या रस्त्यावर त्याचे आयुष्य गेले, ज्या वळणांवर तो डोळे मिटून गिअरचा आवाज ओळखायचा, त्या रस्त्यावर उभा राहून त्याने आपल्या बहिणीच्या गावाची वाट विचारली होती. चहावाल्याने हात करून दाखवली. तो उठून त्या दिशेला चालू लागला. त्यानंतर त्याला कोणी पाहिले नाही. त्या दिवशी नाही, आजवर नाही.

मोठ्या मायने तोंड उघडले. मी तिच्याकडेच पाहत होतो. सांगण्याचा हक्क तिचा होता, तिने आधीच सांगितले होते. पण तिने हाताचा तळवा तोंडावर दाबला, रिकामे सूप उचलले आणि काही नसलेले पाखडू लागली. ती पुढे पुष्कळ वर्षे जगली, आणि तिने ते एकदाही उच्चारले नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो, अंधश्रद्धा म्हणालो असतो, आणि कदाचित सुटलो असतो. बोलली ती माय, संध्याकाळी, विहिरीवर, घागर अर्धी वर आलेली असताना. तिच्या आवाजात राग नव्हता.

"बापू, ते गोठच होती ना रे?"

मी तिच्या हातून दोर घेतला आणि घागर वर ओढली.

आज मला पुष्कळ उत्तरे येतात. डोक्याला मार लागून माणसाची स्मृती काही तास जाऊ शकते, हे मला एका डॉक्टर मित्राने समजावले आहे. चहावाल्याने पाहिलेला माणूस मामा नसेलच, असेही असू शकते. पिशवी घेऊन फिरणारी माणसे काय कमी असतात? वाट चुकलेल्या मामाची समजूत तिकडेही होतीच, तेव्हा शोधणाऱ्याला नकळत हवे तेच चहावाल्याने सांगितले असेल, हेही शक्य आहे. मी वर्गात विवेकाच्या बाजूने बोलत आलो आणि ते खोटे बोलत आलो नाही. पण दर वर्षी तो पाठ आला, कथा आणि कादंबरी यांतील भेद, की फळ्यावर लिहिताना मी मुलांकडे पाठ करून नेहमीपेक्षा अधिक वेळ उभा राहत असे. आकार, व्याप्ती, पात्रांची संख्या, सगळे लिहून होई. ज्या फरकावर एका बाईने आपला भाऊ सोपवला होता, तो त्यात कुठे दिसत नसे.

त्यानंतर आमच्या घरात कोणी मोठ्याने वाचले नाही. मायने गोधडी, तिच्यात ते अर्धे पुस्तक, आणि मामाने खिसा शिवायला म्हणून टाकलेला एक बुशशर्ट, असे सगळे लोखंडी पेटीच्या तळाशी ठेवले. दर भाऊबीजेला ती रस्त्याकडचे दार दिवसभर उघडे ठेवी आणि दुपारी झोपत नसे. नंदाचे लग्न किन्हीराजालाच ठरले तेव्हा मला वाटले माय नाही म्हणेल. ती म्हणाली, "जाऊ द्या. तिथं आपलं कोणी असंल त बरं." नंदाला मुलगी झाली, आणि मी मामा झालो. ही भाची आज कॉलेजात आहे. दुपारभर कानाला तारा लावून मोबाईलवर कादंबऱ्या ऐकते आणि रंगून मला त्यांचे कथानक सांगते, भरदिवसा. मी तिला कधी अडवले नाही. फक्त त्यानंतर परत निघालो की फाट्यावर माझा पाय ब्रेकवर जातो, आणि मालेगाव डावीकडे की समोर, हे मी एकदा मनाशी म्हणून घेतो. किन्हीराजाच्या त्या जागेवर अजून चहाची टपरी आहे. तिथे मी इतक्या वर्षांत कधी थांबलो नव्हतो.

या उन्हाळ्यात मायच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. चष्मा लागल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पेटी उघडायला लावली. मी गोधडी बाहेर काढली तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास आला. मायने ती ओसरीवर पसरली आणि बोटाने एकेक तुकडा चाचपत गेली. "वकिलाची. गायनमास्तरची. हे भुताची, भिकार होती. मेणबत्तीवाली." एकही चुकली नाही. मग पुस्तक माझ्या हातात दिले. सुई त्याच पानात होती. गंजून तिने पानाच्या दोन्ही अंगांना तपकिरी रेघ उमटवली होती, आणि दोरा धरला तसा तुटला.

"वाच पुढचं," ती म्हणाली.

बाहेर ऊन रणरणत होते. "संध्याकाळी वाचू, माय."

"आता वाच. माह्या भावाची वाट आता कोण भुलवते?"

मी म्हणालो, "मीही मामाच हाय ना, नंदाच्या पोरीचा."

तिने हा विचार मनापासून केला. चष्म्यातून माझ्याकडे नीट पाहिले. "तुले काय होते? तुले त ते फोनमधली बाई रस्ता सांगते. वाच."

मी वाचले. सुरुवातीला आवाज माझा वाटेना. खोल विहिरीतून घागर ओढावी तसा तो वर येत होता. जोडाक्षरे अडली. पण चपला कोणाच्या ते कळेपर्यंत तो सुटला. शेवट साधाच निघाला. खून कंपाउंडरने केला होता. बंद खोलीची युक्ती तर एका परिच्छेदात, घाईघाईने, उरकली होती. मी पुस्तक मिटले. मायने चष्मा सावरला.

"कंपाउंडर?"

"हो."

"मले त पयल्याच दिवशी वाटलं होतं." मग ती हसू लागली. पदर तोंडाला लावून, अगदी वांग्याच्या दिवशी हसली होती तशी. "यवढ्यासाठी थांबली मी, बापू? इतके वर्स? यवढ्यासाठी?" हसता हसता तिने चष्मा काढला. मी डोळ्यांत औषध घालायची बाटली घेऊन आलो, तेव्हा तिने ती बाजूला ठेवली आणि मामाचा बुशशर्ट उलगडला.

शेवटचा तुकडा तिने त्याच्या पाठीतून कापला. ऊन उतरेपर्यंत शिवत होती, दिवेलागणीला सुई ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुरा केला. टाके वाकडे आले, पण इतके बारीक आणि दाट की कापड कडक झाले आहे. तिच्या रीतीप्रमाणे याचा अर्थ शेवट पटला असा होतो. कशाचा, ते मी विचारले नाही. "गाडीत ठेव," एवढेच ती म्हणाली. "रस्त्यात थंडी लागते."

गेल्या आठवड्यात नंदाकडून परतताना मी त्या टपरीवर गाडी थांबवली. चहावाला माझ्याच वयाचा, पांढऱ्या दाढीचा गृहस्थ होता. मी अर्धा कप प्यालो आणि ठरवले नसताना विचारले, "केनवडले कोणता रस्ता जाते?"

"हाच ना. सरळ. मालेगाव लागंल, मंग केनवड." त्याने हात लांब करून दाखवले. "कोणाकडं चालले केनवडले?"

"मायकडे. केनवडचाच हाये मी."

त्याची किटली हातातच राहिली. "केनवडचे? मंग पुसता कायले?"

त्याने विचारले तेव्हा मला एकदम जाणवले, की त्या वर्षी इथेच वाट विचारणाऱ्या माणसालाही कोणी हे विचारले असते तर त्यालाही सांगता आले नसते. मागच्या सीटवर गोधडी होती. समोर हात दाखवणारा एक माणूस होता, आणि ज्या गावाला आपण जाणार आहोत त्याचे नाव त्याने उच्चारलेले ऐकून बरे वाटत होते. मी कप ठेवला, त्याने दाखवलेल्या दिशेला निघालो, आणि फोन बंद केला.

घरी पोहोचलो तेव्हा माय दारात उभी होती. "काहून रे, उशीर लागला?"

"रस्ता पुसत आलो."

ती चौकटीला धरून माझ्याकडे पाहत राहिली. चक्की थांबल्यावर गाव होते तसे सगळे गप्प झाले होते.

"मंग? सांगतला का कोणी?"

"सांगतला, माय."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मला आत यायला दारातून बाजूला सरली.